वार बघा, ऊन बघा, मग संभाजीनगर बघा

पाहुणे फोनवर विचारतात, "तुमच्याकडं बघण्यासारखं काय काय आहे?" त्यांना आधी उलट विचारावं लागतं, "येताय कोणत्या वारी?" अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची आणि शेवटच्या दिवशी अजिंठा ठेवायचा, ही पुण्या-मुंबईच्या मंडळींची ठरलेली चूक. तीच सुट्टी शनिवारी अजिंठा, रविवारी किल्ला आणि शहर, सोमवारी वेरूळ अशी लावली की सगळं बसतं. वेरूळची रविवारची गर्दीही टळते. अपवाद श्रावणातल्या सोमवारचा. त्या दिवशी घृष्णेश्वराच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, तेव्हा वेरूळ बुधवार-गुरुवारवर ढकला.

"अजिंठा-वेरूळ" हा जोडशब्द तोंडात इतका बसलाय की दोन्ही एकमेकांना खेटून असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात अजिंठा शहराच्या उत्तरेला साधारण 100 किलोमीटर आणि वेरूळ वायव्येला 30. दोन्हींचे रस्ते वेगळे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही करायची म्हणजे अडीचशेच्या वर किलोमीटर गाडी पळवायची आणि लेणी पळत बघायची. टॅक्सीवाला हो म्हणेल, त्याचं काय जातंय! तुम्ही म्हणू नका.

अजिंठ्याला सकाळी साडेसहाला निघा. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव, घाट आणि खाली फर्दापूर. एसटीनं जाणार असाल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी कोणतीही गाडी चालते, पण तिकीट काढताना "अजिंठा" म्हणू नका, "अजिंठा लेणी" म्हणा. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे, लेणी घाटाखाली. गावात उतरलात तर पुढं जाण्यासाठी पुन्हा गाडी शोधत बसावं लागतं. नाश्ता सिल्लोडला उरकून घ्या, कारण लेण्यांपाशी खाण्याचे पर्याय मोजके आहेत. स्वतःची गाडी असली तरी ती फाट्यावरच लावायची. तिथून शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. परतीला दुपारी चारनंतर या बसला रांग लागते, हेही डोक्यात असू द्या.

बस सोडते तिथून क्रमांक 1 च्या लेण्यापर्यंत चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवायचा, आणि तो "जाऊन-येऊन, सगळी लेणी" असा ठरवायचा. नाहीतर अर्ध्या वाटेत हिशेब बदलतो.

आता क्रम. नऊला दार उघडताना तुम्ही हजर असाल तर 1 आणि 2 आधी. साडेदहानंतर पोहोचलात तर या दोन्हींसमोर रांग असते, कारण एका वेळी ठरावीक माणसंच आत सोडतात. मग सरळ चालत टोकाच्या 26 पर्यंत जा आणि उलटे बघत या. दुपारी जेवणाच्या वेळेला पुढची लेणी मोकळी होतात. क्रमांक 1 मध्ये समोर गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी आणि उजव्या हाताला वज्रपाणी, हे दोन बोधिसत्त्व. आत शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तेवढ्याच वेळात निम्मी माणसं बाहेर पडलेली असतात. क्रमांक 2 मध्ये मान वर करा, छत बघा. 17 मध्ये ओसरीपासूनच चित्रं सुरू होतात. आतल्या भिंतींवर वेस्संतराची, सिंहलाची अशा बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा मोठाल्या पसरल्या आहेत, तेव्हा वाटाड्या करायचा असेल तर तो या एका लेण्यासाठी करा. 26 मध्ये डाव्या भिंतीला सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणाचा बुद्ध आणि त्याच भिंतीवर पुढं बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराचा हल्ला. 24 अर्धवट राहिलेलं आहे, म्हणून लोक डोकावतही नाहीत. पण लेणं खोदतात कसं, हे समजून घ्यायचं असेल तर तेच लेणं उपयोगी: छिन्नीच्या खुणा, नुसते ठोकळे सोडलेले खांब, सगळं उघडं पडलंय.

फ्लॅश बंद, हात लावणं बंद, हे नियम कटकट वाटतात, पण त्यामागं कारण आहे. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर तूस आणि वनस्पतींचे धागे घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. रंग गिलाव्यात मुरलेला नाही, वर बसलेला आहे. दमटपणा आला की गिलाव्यासकट सुटतो. निजामाच्या काळात, 1920 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रं पक्की करून घेतली होती. त्यांनी लावलेल्या लाखेच्या थरानं काही ठिकाणी रंग पिवळट-काळपट झाले. जपायला गेलं तरी असं होतं, मग हात लावल्यावर काय होईल!

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. लेस बांधायचे बूट घालून गेलात तर दिवसभर वाकून वाकून कंबर धरेल. चप्पल किंवा सँडल बरी, आणि मार्चनंतर पायात मोजे हवेतच. दुपारी बाराला तो दगड तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात वाघूर नदी भरून वाहते आणि घोड्याच्या नालेसारखा तो सगळा डोंगर हिरवा होतो. वेळ असेल तर समोरच्या डोंगरावरच्या पॉईंटवर जा. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणं दिसलं ते अशाच उंचीवरून. त्यानं क्रमांक 10 मधल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. खांबांवर बदाम कोरणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

वेरूळचं तंत्र अगदी वेगळं आहे. इथला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी सगळी लेणी सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन आत शिरतं. लेणी सूर्योदयालाच उघडतात. उन्हाळ्यात सहा-साडेसहाला पोहोचायचं आणि साडेदहाला बाहेर. नोव्हेंबर ते जानेवारीत मात्र दुपारी दोनला जायचं आणि मावळतीपर्यंत थांबायचं. दहाव्या लेण्यात, ज्याला सगळे सुताराची झोपडी म्हणतात, उतरतं ऊन वरच्या खिडकीतून आत येतं, तेव्हा दगडात कोरलेल्या लाकडी वाशांची नक्कल नीट उठून दिसते. सकाळी तिथं नुसता काळोख.

एकूण 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायचा हट्ट नको. तीन तास असतील तर 16, 10, 12 आणि 32. पाच तास असतील तर त्यात 21 आणि 29 घाला. जैन लेणी बाकीच्यांपासून दीडेक किलोमीटर लांब आहेत. तिकडं जायला आत गाडी मिळते, उन्हात चालत जाऊ नका. 32 म्हणजे इंद्रसभा. वरच्या मजल्यावर जा, छतावरच्या रंगाचे अवशेष अजून दिसतात. 12 तीन मजली आहे. बाहेरून ते सरकारी कचेरीसारखं सपाट दिसतं, म्हणून लोक पुढं निघून जातात. तिसऱ्या मजल्यावर ओळीनं बसलेले सात-सात बुद्ध बघायला चढावंच लागतं, आणि तिथं बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता.

क्रमांक 16 म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. वरून खाली खोदत आणलेलं, कळस आधी आणि पाया नंतर. मागची दरड सुमारे 33 मीटर खोल उतरवली आहे. लोक आत शिरतात, हत्तीपाशी फोटो काढतात, मंदिरात जाऊन येतात आणि निघतात. तसं न करता आधी अंगणातून पूर्ण प्रदक्षिणा घाला. मंदिराच्या दक्षिण अंगाला कैलास हलवणारा रावण आहे. त्याच बाजूच्या भिंतीवर रामायणाच्या पट्ट्या आणि उत्तरेला महाभारताच्या. मग कडेच्या ओवऱ्यांतून फिरा आणि उत्तरेकडच्या वरच्या मजल्यावरचं लंकेश्वर हे लेणं बघा. यालाच दीड तास जातो. शेवटी बाहेर येऊन बाजूच्या टेकडीवरून वरून बघा, म्हणजे केवढा दगड उपसलाय त्याचा अंदाज येतो. कडेला जाऊन सेल्फी काढायचा नाद नको, आणि पावसात त्या वाटेला जाऊच नका, मुरूम घसरतो. पावसाळ्यात 29 च्या शेजारी सीतेच्या न्हाणीचा धबधबा कोसळत असतो, मग टेकडी सोडून तिकडं वळा.

घृष्णेश्वर लेण्यांपासून एक किलोमीटरवर. आजचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, म्हणून गुंडी-बटणांचा सोपा सदरा घाला. वेरूळ हे भोसल्यांचं गाव. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष गावातच आहेत. देवळापर्यंत येऊनही तिकडं फार कुणी वळत नाही.

वाटेत खुलताबाद लागतं. भद्रा मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे, उभी नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून माणसं चालत इथं येतात. त्या रात्री या रस्त्यानं गाडी घालणं म्हणजे स्वतःला अडकवून घेणं. औरंगजेबाची कबर इथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे, साधी, वर छत नसलेली. ज्यानं 1610 च्या सुमारास खडकी वसवून या शहराचा पाया घातला, त्या मलिक अंबरची कबरही खुलताबादलाच आहे. ती बघायला जाणारे फारच थोडे.

देवगिरी किल्ला, म्हणजे दौलताबाद, वेरूळच्याच रस्त्यावर शहरापासून पंधरा किलोमीटरवर. म्हणून लोक वेरूळहून परतताना दुपारी तीनला चढायला लागतात आणि अर्ध्यावर बसकण मारतात. किल्ला एकट्यानं एक सकाळ मागतो: वर जाऊन यायला तीन तास. सातशेच्या आसपास पायऱ्या, वर पाणी नाही, म्हणून माणशी दीड लिटर पाणी हवंच. हातात प्लास्टिकची पिशवी धरू नका, माकडं तीच हेरतात. चांदमिनार आणि भारतमाता मंदिर खालीच आहेत. पुढं चिनी महाल, मेंढा तोफ, मग खंदक आणि त्यापलीकडं अंधारी. अंधारी म्हणजे डोंगरातून वर जाणारा, मुद्दाम अंधारा आणि वळणावळणाचा ठेवलेला बोगदा. पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळांचा वास नाकात जातो. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, विजेरी न्या. लहान मूल कडेवर घेऊन जायची ही जागा नव्हे. शेवटी बारादरी, म्हणजे कमानींचा महाल. तिथून खालचे तटबंदीचे फेर दिसतात आणि हा किल्ला बहुतेकांनी लढून नाही, तर वेढा आणि फितुरीनं का घेतला हे कळतं. रविवारी दुपारनंतर किल्ल्याजवळच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात, तेव्हा अकरा-साडेअकराला शहराकडे परत फिरा.

किल्ल्याच्या पायथ्याशी सप्टेंबर ते नोव्हेंबर सीताफळं घेऊन बायका बसलेल्या असतात. डोळे मोठे झालेलं, फटींत पांढुरकं झालेलं पण दाबल्यावर घट्ट असं फळ घ्या, ते दोन दिवसांत घरी पिकतं. मऊ घेतलंत तर गाडीतच लगदा होतो. हिवाळ्यात पेरू, तोही इथलाच चांगला.

बिबी का मकबरा मावळतीच्या आधी तासभर. "गरिबांचा ताज" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जवळ जाऊन हात लावून बघावं: संगमरवर खालच्या पट्टीपर्यंत आणि घुमटाला, मधला भाग काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा. आणि कमाल त्या गिलाव्याच्या नक्षीचीच आहे. बांधणाऱ्यांची नावंही लिहून ठेवलीत: वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. मकबऱ्याच्या मागं दोनेक किलोमीटरवर डोंगरात शहराची स्वतःची बारा लेणी आहेत, तिथं निम्म्या वेळा पहारेकऱ्याशिवाय कुणी नसतं. पायऱ्या चढून डाव्या अंगाचा गट पाहिला की परतायची घाई करू नका. सातवं लेणं दुसऱ्या गटात, पूर्वेला आहे, आणि पाहण्यासारखं तेच. पाणचक्कीला अर्धा तास पुरे. सहा किलोमीटरवरून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी ही तिथली खरी गंमत, पण उन्हाळ्यात पाणी आटलं की चक्की थांबलेली असते. विहीर-तलावांचं आणि नहरींचं, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाहिन्यांचं, शहर नळाची वाट बघतं, हा विषय पाहुण्यांसमोर न काढलेला बरा. हॉटेलात पाणी टँकरचं असतं, जपून वापरा एवढंच.

दरवाजे बावन्न म्हणतात, मोजायला जाऊ नका. भडकल दरवाजा तेवढा थांबून बघा, तो मलिक अंबरचा. बाकीच्यांतून रिक्षा आपोआप जातेच.

आता खाणं. इथला खास पदार्थ नान खलिया. तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा फौजेसाठी मोठ्या प्रमाणावर शिजवायचा पदार्थ म्हणून तो आला, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, पदार्थ फौजेलाच शोभणारा: खमीर घातलेली जाड, मऊ, तंदूरमधली नान आणि हाडासकट मटणाचा पातळ, हळदीच्या रंगाचा, वर तर्री आलेला रस्सा. बुढीलेन, शहागंज, रोशन गेट या जुन्या भागात खायचा, तारांकित हॉटेलात नाही. बसल्यावर आधी विचारायचं, "छोटे का या बडे का?" छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीचं. न विचारता मागवून नंतर कुरकुर करू नये. नान गरम आहे तोवर फाडून रश्श्यात बुडवायची. गार झाली की चिवट होते, म्हणून एकदम चार मागवू नका, दोन-दोन मागवा. तर्री जास्त वाटली तर "तर्री कम" म्हटलेलं चालतं. रमजानच्या महिन्यात या भागात रात्री जा, दिवसा बरीचशी दुकानं बंद असतात.

गोड खायला गुलमंडी-सराफा. तिथं इमरती मागा, जिलबी नव्हे. जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची, म्हणून ती पाकात मुरूनही आतून लुसलुशीत राहते. सकाळी कढईतून निघताना खाल्ली तरच फरक कळतो. संध्याकाळची पुड्यात बांधून नेलेली इमरती खाऊन मत बनवू नका. थाळीसाठी सगळे "भोज"चं नाव सांगतात आणि थाळी चांगलीच आहे, पण ती गुजराती-राजस्थानी वळणाची. मराठवाडी जेवण हवं तर शहराबाहेर पडा: पैठण रस्ता, बीड बायपास, खुलताबादकडचे ढाबे. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि मिळाली तर येसर आमटी. येसर म्हणजे धान्य, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडायचं, झाली आमटी. हॉटेलांच्या कार्डावर ती क्वचित असते, तेव्हा ढाब्यावर थेट विचारा, कधीकधी घरच्यांसाठी केलेली असते. चुलीवरची भाकरी सांगितल्यावर थापतात, म्हणून अर्धा तास धरून चला. घाई केलीत तर सकाळची मिळेल.

डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत येणार असाल तर एक जेवण हुरड्यासाठी राखून ठेवा. शहराच्या आसपासच्या शेतांवर आधी सांगून जावं लागतं. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजायची, गरम गरमच चोळून दाणे काढायचे, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. हुरडा ताटात वाढून फोटो काढत बसलात तर पाच मिनिटांत दाणा गार आणि चामट. वर पाणी नको, ताक घ्या, असं जुनी माणसं सांगतात. पोट जड होतं, त्या दिवशी संध्याकाळी किल्ला वगैरे काढू नका.

खरेदीत दोनच गोष्टी, आणि दोन्ही उलट करून बघायच्या. हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ मागून-पुढून सारखाच दिसतो, मागं लोंबते धागे नसतात. धागे कापलेले किंवा जाळीत अडकवलेले दिसले की ती यंत्रमागाची. हिमरू म्हणजे इथलं रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, त्याचं नेमकं उलटं: त्यात नक्षीचा जादा धागा मागं मोकळा सुटलेला असतोच. पण यंत्रावरच्या नकली हिमरूतही तो सुटतो, म्हणून मागची बाजू पाहून भागत नाही. माग कुठं आहे ते विचारा आणि चालू माग दाखवतील तिथंच घ्या. पैठणला माग बघता येतात, शहरापासून पन्नास किलोमीटर. तिथं नाथांची समाधी आणि जायकवाडीचं नाथसागर एकाच फेरीत होतं.

समृद्धी महामार्गानं येणाऱ्यांनी उतरायची जागा आधीच ठरवावी. आधी वेरूळ किंवा किल्ला असेल तर माळीवाडा, आधी अजिंठा असेल तर सावंगी. दोन्हीकडं शहरात न शिरता रस्त्याला लागता येतं. टॅक्सी करताना दिवसाला किती किलोमीटर, टोल-पार्किंग कुणाचं, चालकाचा भत्ता धरलाय का, या तीन गोष्टी बोलून घ्या. अजिंठ्याच्या दिवशी दोनशेच्या वर किलोमीटर होतातच. आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतणार असाल तर स्टेशनवर तास-दीड तास काढण्यापेक्षा उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला जा. स्टेशन तिथून रिक्षानं जवळ आहे, आणि दुकान उशिरापर्यंत गजबजलेलं असतं. मघई साधं मागा. महागड्या पानांची यादी वाचायला मजा आहे, खायला मघईच.